रोह्याच्या भिंतीवर आम्ही

आमच्या वाडीत चाळिशी ओलांडलेल्या बाईला म्हातारीच म्हणतात. मी ती कधीच ओलांडली, त्यामुळे आठवणी सांगत बसायचा हक्क मला मिळालेला आहे. वाचणाऱ्याला त्यात कटकट ऐकू आली तर येऊ दे, कारण कटकट आहेच. गोड आठवणी मला येत नाहीत असं नाही. पण गोड आठवण काढायला बसलं की तिच्या मागोमाग ते तारेचं कुंपण येतं, आणि मग माझं डोकं फिरतं.

आमचं घर खांब गावाच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत, कातकऱ्यांच्या वाडीत. कारवीचा कूड, वर शेणामातीचं लिंपण. कुडापलीकडे काका राहायचा. तो शिंकला की इकडून बा त्याला शिवी हासडायचा, आणि तो तिकडून दुप्पट परत करायचा. हे त्यांचं प्रेम होतं. सकाळी जाग यायची ती आयच्या वाटण्याच्या आवाजानं. आमच्याकडे पाटा-वरवंटा नव्हता. नदीतून आणलेला एक चपटा दगड होता, त्यावर ती लसूण, हिरवी मिरची आणि मीठ ठेचायची. पोटात भूक असेल तर तो आवाज ऐकूनच तोंडाला पाणी सुटायचं. मासे तिनं उजाडायच्या आतच आणलेले असत: मळे, शिंगट्या, कधी ओंजळभर झिंगे, श्रावणात मुठे, म्हणजे बारके खेकडे. चिंचेचं पाणी घालून पातळ कालवण आणि जाड तांदळाची भाकर. मोठे मासे मात्र आमच्या ताटात कधी यायचे नाहीत. ते ओल्या फडक्याखाली टोपलीत बसून रोह्याच्या बाजारात जायचे. आयच्या टोपलीवरच घर चालायचं. बा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायचा, आणि ती उचल घरी येईपर्यंत निम्मी झालेली असायची.

नदी घरामागेच होती. वरकस माळ उतरून, करवंदीच्या जाळ्यांना वळसा घालून खाली गेलं की कुंडलिकेचा डोह. चुलीवर चहाचं आधण ठेवून नदीवर जावं, कळशी भरून यावं, तोवर चहाला उकळी फुटलेली असायची. ती वाट कोणी पाडली हे कोणालाच माहीत नव्हतं. आजीच्या आजीला लग्न करून आणलं तेव्हाही ती होती म्हणे. वाडीतलं माणूस गेलं की त्याला त्याच वाटेनं खाली नेऊन नदीकाठी माती द्यायचे. नवरी आली की तिला पहिल्या दिवशी त्याच वाटेनं पाण्याला पाठवायचे. वरकस जमीन गावातल्या शेतकऱ्यांची. पावसाळ्यात आम्ही त्यांच्या भातात, हिवाळ्यात त्यांच्या वालात मजुरीला जायचो. त्यांनी आम्हाला वाटेवरून कधी हटकलं नाही. त्यांच्या ध्यानात तरी ती वाट होती की नाही कोण जाणे.

मग त्यांनी वरकस विकली. घेतली ती मुंबईच्या एका शेठनं. त्यानं पहिलं काम केलं ते कुंपणाचं. खांब, तारा, लोखंडी गेट, गेटवर परप्रांतातला एक वॉचमन आणि वॉचमनला एक काठी. त्या दिवशी आय पहाटे टोपली घेऊन गेली आणि आमचा चहा उकळायच्या आत परत आली. टोपली रिकामी होती. "गेट हाय," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती महामार्गानं फिरून, खांबवरून पुलाजवळ उतरून नदीवर जाऊ लागली. चहा उकळून, गाळून, पिऊन, भांडी घासून, भात टाकून झाला तरी ती परत आलेली नसायची. बाजारात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं निघून गेलेली असत आणि उरलेली घासाघीस करणारी मिळत. महामार्गावरून चालताना ट्रक अंगावर येतात म्हणून ती गटारातून चालायची. त्यानं तिच्या टाचांना भेगा पडल्या, आणि त्या भेगा आज तिला चपलेत पाय घालू देत नाहीत.

वाडीनं अर्ज केले. बा आणि काका दोघे हातात हात घालून कचेरीत गेले, हेच मोठं नवल. तिथल्या बाबूनं नकाशा पसरला आणि सांगितलं, "इथं वाट दिसत नाही." काका म्हणाला, "साहेब, तुम्ही चला, तितं दिसते." बाबू हसला. त्यानंतर दर खेपेला वाटाण्याच्या अक्षता. लग्नात काय, मयतीत काय, वाडीत एकच विषय. माझा काका कमळ्या गेला तो त्या कुंपणाच्या वर्षीच. त्याला खांद्यावर घेऊन आम्ही महामार्गानं गेलो. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. बा शिव्या देत होता, आणि पहिल्यांदाच पलीकडून उत्तर येत नव्हतं.

या सगळ्यात मी पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला होते, घरी सुट्टीलाच यायचे. आश्रमशाळेतून दहावीला नापास होऊन बाहेर पडले, तेव्हा एका ओळखीच्या बाईनं तिथं लावून दिलं. रामवाडीमागच्या गल्लीत पत्र्याची लांब शेड, आत खांद्याला खांदा लावून गणपती बसलेले. कुणाला सोंड नाही, कुणाला हात नाही, सगळे पांढरे. मालकीण होती, तिला सगळे वहिनी म्हणायचे. नवरा गेल्यावर तिनं कारखाना एकटीनं पेलला होता. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. मी आधी साचे धुतले, मग घासकाम केलं, मग बॉडी कलरला लागले. माझ्या जोडीला जिते गावची कुंदा होती. जिभेला हाड नाही अशी मुलगी. तिचे येता-जाता गाडीत घडलेले किस्से ऐकत ऐकत आम्ही दिवसाला किती पोटं गुलाबी करायचो याचा हिशेब नव्हता.

कारखान्यात सगळ्यात मानाचं काम आखणीचं, म्हणजे डोळे काढायचं. ते सगळ्यात शेवटी होतं. मूर्ती रंगून, दागिने लागून तयार झाली तरी आखणी होईपर्यंत तिला आम्ही माल म्हणायचो. डोळे लागले की गणपती. त्यानंतर तिच्याकडे पाय करून बसायचं नाही, तिच्यासमोर अचकटविचकट बोलायचं नाही. कुंदासुद्धा गप्प व्हायची. एका हंगामात आखणीवाला दादा भांडून दुसऱ्या कारखान्यात गेला, आणि वहिनीनं बारीक ब्रश माझ्या हातात दिला. का दिला, तर म्हणाली, "तुजा हात कापत नाय. बाकी तुज्यात काय बी चांगलं नाय." तिनं मला महिनाभर पाटीवर नुसते डोळे काढायला लावले. बुबुळ पापणीला कुठे टेकवायचं, पांढऱ्याचा ठिपका कुठे द्यायचा. "गणपती बगतोय असं वाटलं पायजे," ती सांगायची. "घरातला जो म्हणून समोर येईल त्याला वाटलं पायजे, की माझ्याकडंच बगतोय. पोराला बी आनि पाव्हण्याला बी." मी ते शिकले. आज पेणेत माझ्या हातच्या डोळ्यांना मागणी आहे, हे मी मान खाली घालून सांगणार नाही.

त्याच सुमारास रोह्यातल्या, आमचे अर्ज पडून असलेल्या कचेरीलाच आपली भिंत सुंदर करायची हुक्की आली. एसटी स्टँडकडून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला तिची लांबलचक कंपाऊंडची भिंत. तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या आणि सिनेमाची फाटकी पोस्टरं. कोणीतरी वरून सांगितलं की आदिवासी कला हवी. शोधाशोध झाली, आणि वहिनीच्या ओळखीनं निरोप माझ्यापर्यंत आला, की पेणेत एक आदिवासी मुलगी आहे, रंगकाम करते. मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. साहेब तरुण, इस्त्रीचे कपडे, बोलायला अगदी गोड. "वारली काढायची आहे," ते म्हणाले.

"साहेब, मी कातकरी हाय. आमच्यात वारली नाय काढत. ते वारली लोक, पलीकडं पालघर-डहाणूला."

"तेच ते. तुमच्या रक्तातच असतं."

आमच्या रक्तात काय असतं हे सांगणारे मला पुढे पुष्कळ भेटले. रक्त तपासायला म्हणून सरकारी दवाखान्यात गेलं की मात्र बाई म्हणते, उद्या या.

नाही म्हणणार होते. मग वाटलं, रोह्याच्या भर रस्त्यात एवढी मोठी भिंत आपल्याला पुन्हा कोण देणार? अर्ज वाचत नाहीत, पण भिंत तर येता-जाता दिसेल. मी काय काढणार हे कोणाला सांगितलं नाही, फक्त कुंदाला. ती म्हणाली, "काढ काढ. फार तर मारतील." आम्ही दोघी हंगाम संपल्यावर सुट्टी घेऊन गेलो. भिंतीला गेरूचा हात दिला, आणि वर पांढऱ्यानं आमची वाडी काढायला घेतली. खोपटी, करवंदीच्या जाळ्या, मग कुंपण, कुंपणापलीकडे डोह आणि त्यात मासे. गेट. गेटवर काठीवाला. आणि कुंपणाच्या कडेकडेनं भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमची माणसं. टोपल्या, हंडे, पोरं घेऊन वळसा घालून निघालेली. त्यांच्या मध्ये चौघांच्या खांद्यावर कमळ्याकाका. साहेबांना वारली हवी होती म्हणून माणसं त्या पद्धतीनं काढली, दोन त्रिकोण आणि वर वाटोळं डोकं. तिथंच माझं चुकलं. सहा वर्षं मी देवाला देखणं करत आले होते. माझा हात कुठेही गेला तरी सुबकच रेघ काढायचा. कंबर बारीक, पाय हलके, हात कमानीसारखे. दमून-भागून फिरणारी माझी माणसं भिंतीवर ठुमकत निघाली होती. मला ते काढताना दिसलंच नाही.

उद्घाटनाला मांडव होता, हार होते, चहा-बिस्कीट होतं. साहेबांचे वरचे साहेब आले. त्यांनी भिंतीवरून कौतुकानं नजर फिरवली आणि म्हणाले, "वा, किती आनंदी समाज! हे नृत्य ना?"

"नाय साहेब, ते फिरून जातायत. वाट बंद केलीय ना."

"फेर धरलाय. छान. आणि ही वरात?"

"ती वरात नाय. ते प्रेत हाय. माझा काका."

त्यांनी मान हलवली, अगदी मनापासून, आणि बाजूच्या माणसाला म्हणाले, "यांच्याकडे मृत्यूचाही उत्सव असतो, पाहा." टाळ्या पडल्या. माझ्या अंगावर शाल घातली. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या शालीखाली कळलं. पण खरा कळस पुढेच होता. मांडवात पुढच्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस बसला होता. तो उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बेटी, फार सुंदर. माझं इकडे खांबजवळ फार्महाउस आहे. गेटच्या दोन्ही बाजूंना असंच काढून देशील? पाहुण्यांना आवडेल." कुंदानं माझा दंड एवढा घट्ट धरला की नखं उमटली. शेठला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माणूस वाईट दिसत नव्हता. स्वतःचंच गेट भिंतीवर काढलेलं त्यानं ओळखलं नव्हतं, एवढंच.

लोक फोटो काढायला येऊ लागले. लग्न ठरलेली जोडपी आमच्या कमळ्याकाकाच्या मयतीपुढे उभी राहून हसायची. मी पेणला परत गेले, पण कामात लक्ष लागेना. कोणी विरोध केला असता, शिवी दिली असती, तरी बरं वाटलं असतं. इथं सगळे नुसते खूश. अर्ज फेटाळला तर दुसरा करता येतो. आवडला म्हणून फ्रेम करून टांगला, तर माणसानं काय करायचं?

एका बाजाराच्या दिवशी मी आयला भिंत दाखवायला नेलं. तिनं टोपली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"कोन गो ही?"

"आपुनच. तू, काकी, भागी, सगळी."

"आपन असं जातो? नाचत?"

"नाचत नाय गो आय. फिरून जातो."

"मी तर दिसत नाय यात." ती पुढे गेली आणि एका वाटोळ्या डोक्यावर बोट ठेवलं. "हिला तोंडच नाय. कोन कसं वळखेल? माज्या डोक्यावर टोपली ठेवलीस, नि मला बिनतोंडाची केलीस." मग तिला गिऱ्हाईक आलं आणि ती माशांचा भाव सांगायला लागली. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र परतीच्या गाडीत तोच घोळवत होते.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघी परत गेलो. कचेरी बंद, रस्ता मोकळा. मी आखणीचा ब्रश, काळा आणि पांढरा ऑइलपेंट घेऊन गेले होते. कुंदा स्टूल धरून उभी. पहिले डोळे आयला दिले. उन्हात बारीक झालेले, एक जरा जास्त मिटलेला. मग काकीचे, नवऱ्याच्या मागून चालणारे, कोरडे. शेजारच्या भागीच्या पोराचे मोठाले. म्हाताऱ्या आजाचे फूल पडलेले. एकेकाला आठवून, त्याच्यासमोर बसल्यासारखी मी काढत गेले, आणि वहिनीनं शिकवल्याप्रमाणे बुबुळं रस्त्याकडे वळवत गेले. काठीवाल्यालाही डोळे दिले, पण खाली पाडलेले. तोही पोटासाठीच उभा होता. काकाचे तेवढे मिटलेले ठेवले. दुपार होईतो भिंतीवरचं नाचणं थांबलं होतं. रेघा त्याच, कमानी त्याच, पण डोळे लागल्याबरोबर ती माणसं चालायची थांबली आणि रस्त्याकडे बघायला लागली. स्टूलावरून उतरून मी मागे सरले, तर कुंदा गप्प. तिनं पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या. "सवय झालीय गो," ती ओशाळून म्हणाली.

सोमवारी रोह्यात आमच्या भिंतीचीच चर्चा. समोरच्या चहावाल्यानं आपलं बाकडं फिरवून भिंतीकडे पाठ केली. एक स्कूटरवाला थांबून चहावाल्याला म्हणाला म्हणे, "ही बाई माझ्याकडं का बघते? मी काय केलंय?" कोणी म्हणालं भुताटकी, कोणी म्हणालं पोरं घाबरतात. फोटो काढणारी जोडपी यायची बंद झाली. आणि एक म्हातारे गृहस्थ भिंतीपुढे उभे राहून टोकापासून टोकापर्यंत बघत गेले, गेटपाशी थांबले आणि चहावाल्याला त्यांनी विचारलं, "हे गेट कुठलं?" मला हे सगळं चहावाल्यानंच नंतर सांगितलं. एवढ्या दिवसांत हा एवढा एकच प्रश्न विचारला गेला होता. तो ऐकून मला रडू आलं, आणि मला सहसा रडू येत नाही.

साहेबांचं बोलावणं आलंच. या खेपेला बसायला सांगितलं नाही. "चांगलं चित्र खराब केलंत तुम्ही," ते म्हणाले. "वारलीत डोळे नसतात. स्वतःची कला तुम्हाला माहीत नाही?"

"साहेब, मी कातकरी."

"तक्रारी आल्यात. लोकांना अस्वस्थ वाटतं. डोळे तेवढे काढून टाका, बाकी चित्र राहू दे. छान आहे ते."

मी म्हटलं, "काढते. वाट उघडा, दुसऱ्या दिवशी येऊन काढते. माझ्या पैशानं रंग आणीन."

साहेब खरंच गोंधळले. "कसली वाट?"

आता यावर काय बोलायचं? भिंतीवर हातभर रुंद गेट काढलंय, उद्घाटनाला तोंडानं सांगितलंय, वाडीचे अर्ज याच इमारतीत कुठेतरी पडलेत. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला हे मला कळत होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो खासगी मालमत्तेचा विषय आहे, आमच्याकडे येत नाही. तुम्ही कला आणि हे विषय एकत्र करू नका. आधी डोळे काढा, मग बघू." मला 'बघू' या शब्दाची चीड आहे ती तेव्हापासूनची. ज्यांना बघायचं नसतं तेच तो शब्द वापरतात.

मी डोळे काढून टाकले नाहीत. बुधवारी नाक्यावरून दोन मजूर आणून भिंत रंगवली, फिकट पिवळी. मी पोचले तेव्हा शेवटचा हात चालू होता. पुसलेलं चित्र पावसात पुन्हा उमटतं असं लोक फार आवडीनं सांगतात, मलाही कोणी कोणी विचारतं. नाही उमटत. रंग चांगल्या कंपनीचा होता. वहिनीनं मला आखणीवरून उठवून वर्षभर पुन्हा बॉडी कलरला बसवलं. "माज्या कारखान्यात राजकारण नको," म्हणाली, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यात स्वतःच्या डब्यातली माशाची तुकडी गुपचूप टाकून गेली. तिच्यावर धड रागावताही आलं नाही. वाडीत कोणी मला दोष दिला नाही. बा म्हणाला, "दोन दीस तरी बगितलंन ना त्यांनी." पण कुंपण तसंच राहिलं. शेठनं पुढे ती जागा दुसऱ्याला विकली. दुसऱ्यानं तारा काढून भिंत बांधली.

आता मी रामवाडीला दोन खोल्यांत राहते, आखणीची कामं घेते. बा गेला, त्यालाही महामार्गानंच नेला. आय वाडीतच आहे. पेणला ये म्हटलं तर तिथं नदी कुठाय म्हणते. अजून ती मासे आणते, अजून फिरून जाते. वय झालंय म्हणून मध्ये बसत बसत जाते. महामार्ग रुंद झाला तेव्हा खांबकडे नवा पूल आला, आणि त्याच्या खाली सावली झाली. तेवढाच काय तो आमच्या वाटणीला आलेला विकास. आय तिथं टेकते. नंतर नंतर टोपली उघडून तिथंच विकायला लागली, बाजारापर्यंत चालायला नको म्हणून.

गेल्या हिवाळ्यात त्या पुलाखालची भिंत सुंदर करायची ठरली. मला फोन आला. मी जुनीच अट घातली, आणि फोन परत आला नाही. शहरातून चित्रकलेची मुलं आली. गुणी मुलं होती, मला मॅडम म्हणत होती. त्यांनी चार दिवस खपून तारपा, फेर, झाडं, मोर, सगळं काढलं. उद्घाटनाच्या दिवशी मी मुद्दाम गेले, काय ते डोळ्यांनी बघावं म्हणून. पाहुणे यायचे होते. आय नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून, टोपलीवर ओलं फडकं टाकून बसली होती. मी रस्त्याच्या पलीकडून येत होते, मध्ये ट्रकची रांग लागली म्हणून थांबले. तेवढ्यात मोबाइल हातात घेतलेली एक मुलगी आयपाशी वाकली. उद्धट नव्हती ती, अगदी गोड बोलली. ट्रक गेले आणि तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं.

"आजी, फोटो काढायचाय. जरा बाजूला सरकता का? तुमच्यामुळे आदिवासी झाकले जातायत."

मी रस्ता ओलांडेपर्यंत आय उठली होती. तिनं टोपली उचलली आणि उन्हात जाऊन बसली.